ग्रुपवर टाकलंय की!

अंग काढून घ्यायची जुनी वाक्यं आपल्याकडं कमी नव्हती. 'मी तर तेव्हाच सांगितलेलं', 'फाईल साहेबांच्या टेबलावर आहे', 'बघणारा माणूस आज सुट्टीवर आहे'. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावपासून कागलपर्यंतच्या आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात या सगळ्यांना एका वाक्यानं पेन्शनीत काढलं: "ग्रुपवर टाकलंय की!" त्यातल्या 'की'कडं नीट लक्ष द्या. टाकणाऱ्याची सुटका आणि न बघणाऱ्याचा गुन्हा, दोन्ही त्या एका अक्षरात बसतं.

मी फौंड्रीच्या क्वालिटी खात्यातला माणूस. कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेल्या भागात, भोक पडलं तर ते कुठून आलं हे शोधायचं, हे आमचं काम. हल्ली भोक लगेच सापडतं. हेच भोक मागच्या पावसाळ्यात कशामुळं आलं होतं आणि काय केल्यावर गेलं होतं, हे शोधण्यात दिवस जातो. उत्तर ग्रुपवर असतं, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. कुठल्या ग्रुपवर, यावर नाही.

कारण 'प्रॉडक्शन' नावाचा ग्रुप असतो. त्यात गुड मॉर्निंग वाढले म्हणून 'प्रॉडक्शन न्यू' निघतो. तिथंही तेच झालं म्हणून 'प्रॉडक्शन ओन्ली वर्क'. ओन्ली वर्कवर तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला अंबाबाईची आजची पूजा येते, आणि देवीच्या फोटोला 'इथं नको' म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती आहे? शिवाय 'मेंटेनन्स अर्जंट', 'डिस्पॅच', 'ऑडिट 2 दिवस' (हा दोन वर्षं चालू आहे) आणि सगळ्यात उपयोगी माहिती असलेला एक ग्रुप, ज्याचं वैशिष्ट्य एवढंच की त्यात साहेब नाहीत.

आता शोधायला बसू. व्हॉट्सॲपचा शोध लिहिलेली अक्षरं शोधतो. फोटोत काय दिसतंय ते त्याला कळत नाही. आणि आमच्याकडं दोषाच्या फोटोखाली जे लिहिलेलं असतं ते पुढीलप्रमाणे: 'हे बघा'. शोधात 'हे बघा' टाकलं तर ती मात्र सगळी सापडतात. भोकं, चिरा, तुटलेला बेल्ट, गेटवर आडवा लागलेला ट्रक आणि कुणाच्या तरी घरची म्हैस.

'ब्लोहोल' (वाफ नाहीतर वायू अडकून पडलेलं भोक) टाकून बघावं तर शब्द एकच आणि लिहिणारे दहा. कुणी 'ब्लो होल' लिहितं, कुणी 'ब्लोव्हल', एक जण कायम 'ब्लू होल' लिहितो आणि फेटलिंगवाले (कास्टिंग घासून साफ करणारे) सरळ 'भोक'. म्हणून पहिलं काम मोबाईलमध्ये करायचं नसतं, भिंतीवर करायचं असतं. आपल्याकडं नेहमी येणाऱ्या दहा-बारा दोषांची नावं ठरवायची आणि शिफ्ट ऑफिसच्या भिंतीवर रंगवायची: ब्लोहोल, पिनहोल, श्रिंकेज, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन. लिहायचं तर असंच, याच स्पेलिंगनं. भांडण एकदाच होतं, दुपारभर होतं, पण ते करावं.

फोटोचीही एक रीत आहे. जॉब, म्हणजे तो भाग, पुसून घ्यायचा, दोषाभोवती खडूनं गोल, शेजारी स्टीलची पट्टी, आणि जॉबवरचा हीट नंबर (भट्टीच्या एका घाण्याचा नंबर) त्याच फोटोत. पट्टी नसली तर तीन मिलिमीटरचं भोक फोटोत खासबाग मैदानाएवढं दिसतं. फोटो साधा पाठवला तर ॲप तो दाबून बारीक करतं आणि पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, पहिल्यांदा गायब होतात. कास्टिंग न दुरुस्त करता बरं होतं. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. खाली एक ओळ: जॉबचं नाव, हीट नंबर, दोष, शिफ्ट, काय केलं. ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. न लिहिल्यावर 'हा कुठला जॉब?', 'कालचा का?', 'ते न्हवं, दुसरं' असे सतरा मेसेज पडतात. तेवढ्या वेळात चहाही होतो, ही न लिहिणाऱ्यांची बाजू.

व्हॉइस मेसेज हे वेगळं प्रकरण. पहिली वीस सेकंदं 'हॅलो... हां... चालू झालं का'. मग मागं साचे फोडायच्या नॉकआऊटचा धडधडाट. मग हवामान. मुद्दा येतो दोन मिनिटं दहा सेकंदांनी, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी ग्राइंडर चालू करतं. पण लोकांना 'बोलू नका, लिहा' सांगितलं की ते लिहीत नाहीत, बोलायचंच थांबतात, हा पक्का अनुभव आहे. त्यापेक्षा नियम उलटा लावावा. ज्यानं पहिल्यांदा ऐकलं त्यानं खाली दोन ओळी लिहायच्या. बोलणारा मोकळा, ऐकणारा अडकला. न्याय नाही, पण चालतं.

मग कुणीतरी हुशार सुचवतं, महत्त्वाचे मेसेज स्टार करा. करा की. पण तुमचा स्टार तुमच्यापुरता. दुसऱ्याच्या फोनवर तो मेसेज पूर्वीसारखाच गरीब असतो. पिन केलेला मेसेज सगळ्यांना दिसतो, पण एका ग्रुपवर तीनच पिना, आणि जास्तीत जास्त 30 दिवस. चुकून वाळूचा ओलावा 3.4च्या ऐवजी 34 टक्के टाकला तर दुरुस्तीला 15 मिनिटं. नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की आधीचा इतिहास त्याला आपोआप मिळत नाही. आणि जुना माणूस नोकरी सोडताना स्वतःचा फोन घेऊन जातो, पाच वर्षांच्या कारखान्यासकट. ग्रुप ही वाहती नदी आहे, तिच्यात घागर बुडवून आत्ताचं पाणी काढावं. तिच्यात ठेव ठेवणारा माणूस नंतर काठावर बसून 'कुठं गेलं' म्हणत राहतो.

अंगठ्याबद्दलही बोलायला पाहिजे. पूर्वी वाचता न येणारा अंगठा द्यायचा, आता न वाचलेला देतो. 'उद्यापासून इनॉक्युलंट 0.2 टक्क्यांवरून 0.3 टक्के' असा मेसेज पडला (इनॉक्युलंट म्हणजे वितळलेल्या लोखंडात घालायची मिसळ) की पाच मिनिटांत बावीस अंगठे. उद्या फर्नेसवर जाऊन बघा, 0.2च चाललंय. अंगठ्याला अर्थ द्यायचा असेल तर उत्तरात अंगठा चालणार नाही असा प्रश्न विचारावा: 'एका लॅडलला किती किलो पडेल?' 500 किलोच्या लॅडलला, म्हणजे लोखंड ओतायच्या बादलीला, दीड किलो. ज्यानं आकडा लिहिला त्यानं वाचलं. बाकीचे देवदर्शनाला आले होते.

आणि साहेब. एखाद्या पोरानं धाडस करून रिजेक्शनचा फोटो टाकला आणि साहेबांनी खाली एकच प्रश्न विचारला, 'हे कोणी केलं?', की त्या ग्रुपचं ज्ञानसत्र संपलं असं समजावं. दोष यायचे थांबत नाहीत, फोटो यायचे थांबतात. साहेबांना वाटतं क्वालिटी सुधारली. तेवढ्यात पलीकडं साहेब नसलेला ग्रुप निघालेला असतो आणि तिथं भरभरून चर्चा चालू असते. 'कोणी'च्या जागी 'कशामुळं' एवढा बदल केला तरी निम्मं काम होतं. तो करायला साहेबांना का जड जातं, हे मात्र कुठल्याही ॲपला सोडवता आलेलं नाही.

ही रड फक्त आपलीच आहे असं नाही. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिलं. अवघड बिघाड हे लोक कंपनीच्या जाडजूड पुस्तकातून कमी आणि जेवताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून जास्त सोडवत होते. पुढं 1990च्या दशकात कंपनीनं 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञानं युक्ती लिहायची, दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञानं तपासायची, मग ती सगळ्यांना मिळायची, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. ज्या कंपनीच्या नावानं आपण कॉप्या काढतो, तिची ही गोष्ट खरोखर कॉपी करण्यासारखी आहे. नाव लागलं की माणूस दोनदा तपासून लिहितो. आणि कोल्हापुरात नाव लागलं की तो बोर्डही लावेल, त्याला इलाज नाही.

लिहिलेलं ठेवायचं कुठं, तर एका जागी. सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि दुरुस्त करायचं पान, ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅमनं 1995मध्ये चालू केली आणि नाव ठेवलं 'विकी', होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ पटकन. (आपल्याकडं कुणी बसवरून नाव ठेवलं असतं तर अर्थ 'येईल' असा झाला असता.) कारखान्याला एवढ्या थाटाची गरज नसते, एक सामायिक गुगल शीट पुरते. दोष, जॉब, कारण, काय केलं, गेला का. पाच रकाने. सहावा घातला की लोक पहिलाही भरत नाहीत.

'कारण' या रकान्यावर मात्र डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. तिथं हमखास येतं: 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. आणि 'काय केलं'मध्ये: 'ऑपरेटरला समज दिली'. आमच्या पट्ट्यात इतकी समज दिली गेली आहे की एव्हाना सगळे ऑपरेटर प्रोफेसर व्हायला हवे होते. समज, सूचना आणि काळजी हे तीन शब्द शीटमध्ये यायला बंदी घालावी. मग नाइलाजानं माणूस खरं लिहितो: 'रिटर्न सँड गरम होती'.

ही गरम रिटर्न सँड, म्हणजे एकदा साच्यात वापरून परत आलेली वाळू, हाच सगळ्यात अवघड मासला. मिक्सरमधून पडलेली वाळू मिस्त्रीमामा मुठीत घेतात, दाबतात, मूठ उघडतात आणि तो गोळा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडतात. धार बघतात. बोटांचे ठसे उमटलेत, धार ढासळली नाही, तळहाताला चिकटलं नाही, म्हणजे ओलावा 3 ते 4 टक्क्यांत कुठंतरी आहे. चिकटलं तर पाणी जास्त. साच्यात वाफ होणार आणि ब्लोहोल येणार. भुगा झाला तर कोरडी. साच्याची कड सुटणार आणि वाळू लोखंडात जाणार. इथवर पुस्तकातही आहे. पण दुपारच्या शिफ्टला मामा गोळा मोडतात, धार चांगली असते, आणि तरी मान हलवतात. "गरम हाय. आत्ता बरी वाटतीया, साच्यात जाईस्तवर सुकंल." लॅबचा आकडा 3.5 असतो, ओके असतो. मामांचंही बरोबर असतं. एकाच वाळूवर हीटमागून हीट पडली, वाळूला थंड व्हायला वेळ मिळाला नाही आणि ती 50 अंशांच्या वर परत आली, तर मिक्सरमध्ये घातलेलं पाणी मोल्डिंगपर्यंत उडून जातं.

मामांना म्हटलं हे शीटमध्ये लिहा. त्यांनी लिहिलं: 'सँड चेक केली. ओके.'

"मामा, हे कळतं कसं?" या प्रश्नाचं उत्तर "हाताला कळतंय" असंच येणार, पोहणाऱ्याला विचारलं तरी तो यापेक्षा जास्त सांगू शकणार नाही. त्याऐवजी विचारावं, "नव्या पोरानं इथं काय चुकवलं असतं?" मग मामा पंधरा मिनिटं थांबत नाहीत. तेव्हा फोन आडवा धरून व्हिडिओ घ्यायचा, चेहऱ्याचा नाही, हातांचा, मिक्सर बंद असताना, 40 सेकंदांचा. त्याच जागेची वाळू त्याच मिनिटाला लॅबला द्यायची. व्हिडिओखाली तीन गोष्टी: ओलावा, तापमान, मामा काय म्हणाले. असे दहा-बारा व्हिडिओ झाले की पोराच्या हाताला आकडा कळायला लागतो. चेहरा नसल्याबद्दल मामा थोडे नाराज असतात, त्यांचा एक वेगळा फोटो काढून द्यावा.

नदीची गोष्ट काढली तर पंचगंगेबद्दल बोललंच पाहिजे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, शिरोलीजवळ हायवे चालू की बंद, यासाठी ग्रुपसारखं साधन नाही. माहिती ताजी, आयुष्य तासाभराचं, काम झालं की वाहून गेली तरी चालते. अडचण एवढीच, 2019 आणि 2021च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या हायवेचे व्हिडिओ दर जुलैत वर येतात, कारण मेसेजवर वेळ पाठवल्याची असते, काढल्याची नसते. निम्मी शिफ्ट घरी बसते. उलट वीज गेल्यावर फर्नेसच्या कॉइलचं पाणी चालू ठेवायला कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, ही माहिती ग्रुपवरही नको आणि शीटमध्येही नको. ती व्हॉल्व्हशेजारी भिंतीवर, वीतभर अक्षरात, लाल रंगात पाहिजे. तेव्हा फोन काढायला हात मोकळा नसतो आणि अंधारात पासवर्ड आठवत नाही.

एवढं सगळं करून शीट तयार होते. लिंक ग्रुपवर पिन होते, 30 दिवसांसाठी. एकतिसाव्या दिवशी पिन उतरते आणि तिच्या जागी कुणाचा तरी वाढदिवस चढतो. त्याच दिवशी नवीन पोरगं विचारतं, 'सर, सँडचा ओलावा किती ठेवायचा?' तिघं एकदम लिहितात, 'वर बघ की, टाकलंय.' पोरगं वर सरकवत जातं. केक, बंधाऱ्याची पातळी, 'हे बघा', आणखी एक 'हे बघा', आजची पूजा. पूजेपाशी ते हात जोडतं, खाली येतं आणि अंगठा देतं.