म्हणे, इफेला बघायला काही उरलं नाही

नायजेरियात लागोसला कामानिमित्त आलेल्या आपल्याकडच्या लोकांना एक सल्ला हमखास ऐकवला जातो: "इले-इफेला कशाला जाता? तिथली ब्राँझची शिरं इंग्रजांनी 1897 साली लुटून नेली. गेलातच तर एका दिवसात उरकतं. आणि जा ते ऑगस्टात, तेव्हा तिथे मोठा उत्सव असतो."

1897 ची लूट खरी, पण ती नायजेरियातल्याच बेनिन शहराची. ते एडो लोकांचं, तर इले-इफे, म्हणजेच इफे, योरुबा लोकांचं प्राचीन पवित्र शहर. त्या साली इफेची शिरं जमिनीखाली होती. 1938 मध्ये राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना दीड डझनाच्या आसपास शिरं निघाली. त्यांतलं एक ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं, ते अजून तिथेच आहे. दोन अमेरिकेत गेली होती, ती परत आली. बाकीचा बराचसा ठेवा नायजेरियातच आहे. (ब्राँझ हाही ढोबळ शब्द झाला, यांतली बहुतेक शिरं पितळेची किंवा तांब्याची.) इफेचं काम इतकं सफाईदार आहे की त्याआधी, 1910 मध्ये, तोवर सापडलेले नमुने पाहणाऱ्या लिओ फ्रोबेनियस या जर्मन गृहस्थाला ते आफ्रिकी हातांचं वाटेचना. त्याने थेट अटलांटिस आणि ग्रीकांपर्यंत मजल मारली! ठेवा नायजेरियातच असल्याने इफेला निघण्याआधी लागोसमधलं ओनिकानचं राष्ट्रीय संग्रहालय पाहून घ्या. इफेतलं संग्रहालय राजवाड्याला लागूनच आहे.

संग्रहालयाबाहेरही इफे आहेच. ओरानमियान या योरुबा दंतकथांतल्या राजपुत्राचा दंड म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा, लोखंडी खिळे ठोकलेला ग्रॅनिटचा खांब. विद्यापीठाचा परिसर आर्किटेक्ट आर्ये शॅरन यांनी आखलेला. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा अर्धा दिवस द्यावा.

'एका दिवसात उरकतं' हा हिशेब लागोसची वाहतूक न पाहिलेल्या माणसाचा. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, आणि शहराबाहेर पडण्यातच सकाळ जाते. अंधार पडल्यावर या रस्त्यावर असू नये. निदान दोन रात्री धरा. लागोस ते इबादान 2021 पासून नवी रेल्वे आहे, पण पुढे गाडी करावीच लागते.

ऑगस्टचा उत्सव ओशोग्बो या शहराचा, ओशुन देवीचा. तिथली देवराई 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिच्यातली शिल्पं सुझान वेंगर या ऑस्ट्रियन बाईंनी स्थानिक कारागिरांच्या साथीने उभी केली. इफेहून ती जवळ आहे, जरूर जोडून घ्या. इफेचा मोठा सण मात्र ओलोजो. तो साधारण सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात येतो. तेव्हा ओनी, म्हणजे इथले राजे, 'आरे' हा मुकुट घालून लोकांसमोर येतात, तोही वर्षातून एकदाच. तारीख स्थानिक माणसाकडून पक्की करूनच तिकीट काढा.

ज्याने खरंच सहल अडू शकते, ते या सल्ल्यात कुठेच नाही. भारतातून येणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर परतताना मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.