'पाकिस्तानात हिंदू उरलेच नाहीत' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऑगस्ट महिना लागला की तो मेसेज येतोच. यंदाही नागपुरात अंबाझरीच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपपासून नंदनवनातल्या सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरला. मजकूर थोडक्यात असा: फाळणीच्या वेळी पाकिस्तानात २३ टक्के हिंदू होते, आज २ टक्केही नाहीत, बाकीचे मारले नाहीतर बाटवले. तिथे एकही देऊळ शिल्लक नाही. गांधींनी त्या देशाला ५५ कोटींचं दान दिलं. सगळा पाकिस्तान उर्दू बोलतो, ती एकच कौम आहे. आणि आपण धरणाची दारं लावली की आठवड्याभरात ते पाण्यावाचून मरतील.

याला उत्तर लिहितो म्हटल्यावर ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "तुम्हाला पाकिस्तानचा एवढा पुळका का?" पुळका अजिबात नाही. १९७१ मध्ये त्या देशाच्या लष्कराने पूर्व बंगालात केलेली कत्तल, २००८ ची मुंबई, २०२५ चं पहलगाम, यातलं काहीही मी विसरलेलो नाही. पण या मेसेजमुळे जी माणसं आजही तिथे जीव मुठीत धरून जगताहेत, त्यांचं अस्तित्वच पुसलं जातं. मला राग आहे तो याचा.

आधी २३ टक्क्यांचं पाहू. १९४७ ते १९७१ पाकिस्तानचे दोन भाग होते, आणि १९५१ च्या जनगणनेत मुस्लिमेतरांचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं ते पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. पश्चिम पाकिस्तानात, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, हिंदू त्याच जनगणनेत दोन टक्क्यांच्याही आत होते. २०२३ च्या जनगणनेत ते सव्वादोन टक्क्यांच्या जवळपास आहेत. म्हणजे २३ हा आकडा एका देशाचा, २ हा दुसऱ्या देशाचा, आणि दोन्ही एका वाक्यात बसवून वजाबाकी केलेली.

मग पश्चिमेकडचे हिंदू गेले कुठे? फाळणीआधी त्या भागात हिंदू आणि शीख मिळून साधारण पाचात एक होते. १९४७-४८ च्या त्या काही महिन्यांत पंजाबात दोन्ही बाजूंनी भयंकर कत्तली झाल्या आणि जवळपास सगळे हिंदू-शीख इकडे आले. सिंधमध्ये सुरुवातीला तुलनेने शांतता होती, पण ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचा धीर सुटला. कराचीहून जहाजाने मुंबई, मुंबईहून छावण्या, आणि त्यातले कित्येक पुढे आपल्या जरीपटक्यात आणि खामल्यात. आज त्यांच्या दुकानात कापड घेणाऱ्या नागपूरकराला हे नव्याने सांगायची गरज नाही. लोक मेले, लुटले गेले, घरदार टाकून आले, हे सगळं खरं. पण बहुतांश हिंदू जिवंत इकडे पोचले आणि शून्यातून उभे राहिले. 'बाकीचे मारले नाहीतर बाटवले' असं लिहून आपण त्यांचा तो सगळा प्रवासच खोटा ठरवतो.

पूर्वेकडचं दुखणं वेगळं आणि लांबलं. १९५०, १९६४, १९७१ अशा लाटांनी बंगाली हिंदू भारतात येत राहिले आणि बांगलादेशातलं त्यांचं प्रमाण आता आठ टक्क्यांपर्यंत आलं आहे. त्याबद्दल जरूर बोलावं, पण तो प्रश्न ढाक्याला विचारायचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तिथे राहिले कोण? २०२३ च्या जनगणनेत पाकिस्तानात हिंदू सुमारे ३८ लाख आणि वेगळ्या रकान्यात मोजलेल्या अनुसूचित जाती साडेतेरा लाख, मिळून ५२ लाखांच्या आसपास. बहुतेक सिंधमध्ये. उमरकोट जिल्ह्यात तर हिंदू निम्म्याहून जास्त आहेत. यातले मोठ्या संख्येने मेघवार, कोल्ही, भील या जातींचे. जमीनदाराच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात राबणारे. ज्यांच्याकडे जहाजाच्या तिकिटाचे पैसे होते, ज्यांचे मुंबईत नातेवाईक होते, ते निघू शकले. हे निघू शकले नाहीत.

काहींना तर निघूच दिलं नाही. कराचीतले सफाई कामगार गेले तर शहराची घाण कोण काढणार, म्हणून त्यांच्या कामाला 'अत्यावश्यक सेवा' ठरवून पाकिस्तान सरकारने त्यांना अडवलं. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हे निदर्शनाला आणलं आणि या लोकांना भारतात आणण्याची मागणी केली. त्याआधी त्यांनी पाकिस्तानातल्या अनुसूचित जातींना जाहीरपणे सांगितलं होतं की मिळेल त्या मार्गाने भारतात या. दुसऱ्या बाजूला, १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणण्यासाठी झटलेले जोगेंद्रनाथ मंडल जिनांच्या शब्दावर विसंबून तिकडे राहिले, पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन कोलकात्याला परतले. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हा इतिहास तोंडपाठ हवा. आपल्या ग्रुपांवर तो येत नाही, २३ वजा २ एवढंच येतं.

या लोकांचे हाल आजही संपलेले नाहीत. सिंधमध्ये गरीब हिंदू घरांतल्या अल्पवयीन मुलींचं अपहरण, धर्मांतर आणि लग्न हे सत्र सुरू आहे, आणि पाकिस्तानातलाच स्वतंत्र मानवाधिकार आयोगही ते वर्षानुवर्षं नोंदवतो आहे. ईशनिंदेचा कायदा डोक्यावर टांगलेला असतो. त्याच मातीतून कृष्णाकुमारी कोल्ही ही वेठबिगार कुटुंबातली मुलगी २०१८ मध्ये सिनेटवर निवडून गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आणि कुणी उरलंच नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात नागरिकत्वाचे अर्ज घेऊन येणारे हे लोक कोण आहेत? २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातल्या मोजक्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यात नागपूर होतं. कारण दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे सिंधी हिंदू इथे मोठ्या संख्येने आहेत. पहलगामनंतर सगळे पाकिस्तानी हाकला म्हणून जो गदारोळ झाला, तेव्हा याच घरांत लोकांची झोप उडाली होती. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला सरकारने हात लावला नाही म्हणून ते वाचले.

देवळांचं थोडक्यात. बाबरी पडल्यावर १९९२ मध्ये तिथे देवळांवर हल्ले झाले, डिसेंबर २०२० मध्ये खैबर पख्तूनख्वातल्या करकला जमावाने समाधी मंदिर जाळलं. शेकडो देवळं पडीक आहेत, बळकावलेली आहेत. पण 'एकही नाही' हे धादांत खोटं. कराचीच्या हमरस्त्यावर स्वामीनारायण मंदिर उभं आहे, फाळणीत तिथेच निर्वासितांची छावणी होती. सोल्जर बझारात पंचमुखी हनुमान आहे. सक्करला सिंधूच्या पात्रातल्या बेटावर साधबेलो आहे. बलुचिस्तानात हिंगलाजमातेची यात्रा दरवर्षी भरते. आपल्याकडच्या भावसारांची ती कुलस्वामिनी. करकचं मंदिर पुन्हा बांधायचा आदेश पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ते बांधलंही गेलं.

आता ५५ कोटी. सेवाग्राम आपल्यापासून जेमतेम दोन तासांवर, तरी हा समज विदर्भात इतका घट्ट बसलेला पाहून वाईट वाटतं. फाळणी म्हणजे वाटणी होती. जमिनीची झाली तशी तिजोरीची, रेल्वेच्या डब्यांची, कार्यालयातल्या टेबल-खुर्च्यांचीही झाली. अखंड भारताच्या रोख शिलकीतून पाकिस्तानचा हिस्सा ७५ कोटी ठरला. २० कोटी आधीच दिले होते, ५५ बाकी होते, आणि डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी त्यावर करार केला. नंतर काश्मीरची लढाई पेटलेली असताना हे पैसे देऊ नयेत, असं आपल्या मंत्रिमंडळाने ठरवलं. शत्रूच्या हाती दारूगोळ्याचा पैसा कशाला, ही पटेलांची भूमिका समजण्यासारखी होती. गांधीजींचं म्हणणं होतं की शब्द दिलाय तर पाळा. १३ जानेवारी १९४८ ला त्यांचं उपोषण सुरू झालं आणि १५ तारखेला मंत्रिमंडळाने पैसे सोडले. त्यांच्या दडपणाचा परिणाम झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण पैसे सुटल्यावरही उपोषण चालूच राहिलं. ते १८ तारखेला संपलं, दिल्लीतल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी सात गोष्टींचं लेखी वचन दिल्यावर. त्या सातही दिल्लीतल्या मुसलमानांच्या सुरक्षेबद्दल आणि हक्कांबद्दल आहेत. ५५ कोटींचा त्यात उल्लेख नाही.

दोन्ही देशांचा हिशेब तेव्हा किती गुंतलेला होता हे एका नोटेवरून कळतं. जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक आपली रिझर्व्ह बँकच होती. तिकडे चालणाऱ्या सुरुवातीच्या नोटा आपल्या नाशिकला छापल्या गेल्या: तोच सहाव्या जॉर्जचा चेहरा, तेच 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया', आणि कोऱ्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान', खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'.

उर्दूचा दावा चार ओळींत निकाली निघतो. उर्दू ही पाकिस्तानात दहा टक्क्यांहून कमी लोकांची मातृभाषा आहे. पंजाबी सर्वात मोठी, मग पश्तू, सिंधी, सराईकी. उर्दू लादल्यामुळेच २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात गोळीबार झाला आणि वीस वर्षांच्या आत तो देश फुटला.

राहिला पाण्याचा मुद्दा. १९६० च्या सिंधू करारानुसार रावी, बियास, सतलज आपल्या. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः त्यांच्या वापराच्या. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित केला. लगेच 'नळ बंद' सुरू झालं. पण पाणी अडवायला धरण लागतं. सिंधू, झेलम, चिनाब या नद्यांवरचे आपले प्रकल्प वाहत्या पाण्यावर वीज करणारे आहेत. चिनाबवरच्या बगलिहारचा वापरता येणारा साठा साधारण ३२-३३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). आपल्या तोतलाडोहचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या वर. पेंचचं एक धरण जेवढं पाणी धरतं, त्याच्या तिसाव्या हिश्श्यावर चिनाबसारखी नदी उन्हाळ्यात, बर्फ वितळत असताना, अडवता येत नाही. दारं लावली तर तलाव भरतो आणि पाणी सांडव्यावरून पुढे जातं.

याचा अर्थ भारताच्या हातात काहीच नाही असा नाही. पुराची आणि प्रवाहाची माहिती देणं थांबवता येतं. सलालसारख्या प्रकल्पातला गाळ करारातल्या बंधनांविना काढता येतो. ऐन भातलावणीच्या तोंडावर चार-दोन दिवस पाणी कमी-जास्त करून सियालकोट-गुजरानवालाच्या शेतकऱ्याला अडचणीत आणता येतं. मोठे साठे मात्र हिमालयात बोगदे खणून आणि कालवे काढूनच होतील, आणि त्याला वर्षं जातील. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि त्याचे कालवे कधी पूर्ण होतात याची वाट विदर्भाने किती पाहिली, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.