कूलरचा प्लग उलटा लावल्याने करंट जात नाही

उन्हाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांमधून मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. ‘वायरमनला बोलावण्याआधी हे करा’ असे त्याचे शीर्षक असते आणि त्यातला उपदेश थोडक्यात असा: एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) सारखी पडत असेल तर ती कमजोर आहे, मोठ्या अँपिअरची बसवा, कूलरला करंट येत असेल तर प्लग उलटा लावा, अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्ये न्यूट्रलचीच (प्रवाह परत नेणारी) तार अर्थला जोडा, आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पावसाळ्यात त्रास देते, ती काढून टाका, दिवे कमी-जास्त होत असतील तर स्टॅबिलायझर घ्या, बाकी सारे टेस्टरने कळते, वायरमन नुसते पैसे उकळतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चार पैसे वाचावेत एवढाच असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु यातले काही उपाय थेट जिवावर बेतणारे आहेत, म्हणून प्रत्येकाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

एमसीबी बसवलेली असते ती भिंतीतल्या तारेला वाचवण्यासाठी, आणि म्हणूनच तिचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. समजा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर आहेत. सकाळी २००० वॅटचा गिझर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० वॅटची केटली एकदम चालू झाली, तर २३० व्होल्टला सुमारे २४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि थोड्या वेळाने एमसीबी पडते. तिथे ३२ अँपिअरची बसवली की पडणे थांबते. पण तेच २४ अँपिअर आता २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून, आणि जुन्या घरांत तर त्याहून बारीक किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून, बिनबोभाट वाहत राहतात. तारेवरच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. वारंवार त्यापलीकडे तापले की ते कडक होऊन तडकते, आणि पुढचा बिघाड प्लास्टरच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी होतो. वर करताक्षणी एमसीबी पडत असेल तर बहुधा शॉर्टसर्किट आहे. काही मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे, किंवा तिच्या स्क्रूखालची तार ढिली राहून तिथेच तापते आहे. एमसीबी जुनी होऊन कमजोर होते, एवढे मात्र संदेशातले खरे आहे. पण तेव्हाही नवी आणायची ती तेवढ्याच अँपिअरची. भार वाढला असेल तर गिझरसाठी बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून घ्यावी.

कूलरचा उपाय मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण माळव्याच्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर घरोघरी असतो, त्यात पाणी असते, आणि त्यात पाणी ओतणारा माणूस बहुतेक वेळा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. पंपाचे किंवा मोटरचे आवरण ओलाव्याने खराब झाले की प्रवाह पत्र्यात उतरतो. प्लग उलटा केला की फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होते, आणि गळतीची जागा त्यामुळे न्यूट्रलच्या टोकाजवळ आली तर मुंग्या येणे कमी होते किंवा थांबते. लोकांना वाटते, दुरुस्ती झाली. आवरण मात्र तितकेच खराब राहिलेले असते. शिवाय आता कूलरवरचा स्विच न्यूट्रल तोडतो, म्हणजे तो बंद करूनही मोटरपर्यंत फेज पोहोचलेलाच असतो. तीन पिनांचा प्लग उलटा बसत नाही, म्हणून लोकमान्य नगरातल्या एका घरात त्याची जाड पिनच करवतीने कापलेली मी पाहिली. कापलेल्या जागेवर पितळ चकाकत होते. पत्र्याला जमिनीशी जोडणारी नेमकी तीच पिन असते.

अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडण्याचा सल्ला तर याहूनही घातक आहे. मीटरकडून येणारी न्यूट्रल तार कुठे ढिली झाली किंवा तुटली, तर चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज न्यूट्रलवर येतो आणि त्या जोडणीवाटे फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन अशा सगळ्यांच्या धातूच्या अंगावर उतरतो. त्या उपकरणांत काहीही बिघडलेले नसते आणि एमसीबीही पडत नाही. खरे अर्थिंग करून घेणे हाच यावर मार्ग आहे, आणि तेही एकदा करून विसरण्याजोगे नाही, कारण इथली काळी माती मे महिन्यात आक्रसून भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडशी तिचा संपर्क कमी होतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी रीत म्हणूनच योग्य आहे.

आरसीसीबी पावसाळ्यात पडते, कारण पावसाळ्यात गळती वाढते. घरात ती साधारणपणे ३० मिलिअँपिअरची असते आणि त्याहून फार जास्त नसलेला प्रवाह छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो. एमसीबीला एवढा लहान प्रवाह जाणवतही नाही. आरसीसीबी काढण्याऐवजी सर्व एमसीबी पाडाव्यात, आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. जी चढवताच आरसीसीबी पडते, त्या लाइनीवरच्या उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. बरेचदा गिझरचा एलिमेंट किंवा कूलरचा पंप सापडतो. सगळे बंद असतानाही ती टिकत नसेल तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी चिकटले असण्याची शक्यता असते, आणि ते शोधणे घरच्या माणसाचे काम नव्हे.

टेस्टरविषयी एकच उदाहरण पुरेसे आहे. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि तरीही उपकरण चालत नाही, याचा अर्थ बहुधा न्यूट्रल तुटला आहे असा होतो. टेस्टरवर विसंबलेला माणूस ‘करंट तर येतो आहे’ म्हणून नवा मिक्सर दुरुस्तीला नेतो. दिवे कुठे एकदम प्रखर आणि कुठे मंद होत असतील तर तेही खांबाकडच्या न्यूट्रलच्या बिघाडाचे लक्षण असू शकते, आणि त्यात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते. अशा वेळी मेन ताबडतोब पाडून वीज कंपनीला १९१२ वर कळवावे.

उरला वायरमन. न तपासता सामान बदलणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे बरा माणूस ओळखणे. त्याच्याकडे मल्टीमीटर, क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारे) आणि शक्य तर मेगर (तारेचे आवरण तपासणारे यंत्र) आहे का, आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम झाला आहे का, कोणत्या परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो, हे विचारायला संकोच करू नये. बिघाड शोधण्याची मजुरी आणि सामानाची किंमत वेगळी सांगायला लावावी. महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आयएसआय मार्कचे सामान आपणच आणले तर त्याबद्दलचा संशयही उरत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार नवे वायरिंग किंवा त्यातले फेरबदल परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असतात. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलणे त्यातून वगळलेले आहे, आणि ते काम घरी जरूर करावे. मात्र मेन पाडल्यावर इन्व्हर्टरही बंद करावा, कारण त्याच्या लाइनीत तेव्हाही २३० व्होल्ट असतात.