'नॉट डिटेक्टेड' आलं, तरी गोळी चालूच ठेवायची

पोळ्यापासून आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'व्हायरल लोडच्या रिपोर्टवर नॉट डिटेक्टेड आलं की एचआयव्ही मेला. जन्मभर गोळ्या हा कंपन्यांचा धंदा. परदेशात लोक बरे झाले, आपल्याला सांगत नाहीत. ४० दिवस काढा घ्या, रक्त साफ.' मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रावर, समुपदेशन करते. हे वाचून गोळ्या सोडलेली तीन माणसं या महिन्यात माझ्यासमोर बसली, म्हणून लिहितेय.

आधी रिपोर्टचं बोलू. ती तपासणी रक्ताच्या पातळ भागात तरंगणारा विषाणू मोजते. एका मिलिलिटरमागे साधारण २० ते ५० प्रतींच्या खाली गेला की तो मोजता येत नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ तेवढाच. पण एचआयव्ही सीडी-४ पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीत, शिरला की स्वतःची डीएनएतली नक्कल काढतो आणि ती पेशीच्याच डीएनएत शिवून टाकतो. अशा बहुतेक पेशी लवकर मरतात. काही मात्र विसाव्याला जातात. या स्मृतिपेशी, जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या, वर्षानुवर्षं जगणाऱ्या. पेशी झोपली की आतला विषाणूही गप्प. तो काही तयारच करत नाही, म्हणून शरीराच्या पहाऱ्याला ती पेशी ओळखू येत नाही. गोळ्या विषाणूच्या वाढीचे टप्पे अडवतात. आधीच घातलेला टाका त्यांना उसवता येत नाही.

काळ्या रानातलं कुंदा हे तण ज्यांनी खणलंय त्यांना हे लगेच कळतं. वखर फिरला की रान कसं स्वच्छ दिसतं! काश्या मात्र खाली खोल जिवंत असतात, आणि एका पावसात पुन्हा हिरवं होतं.

या झोपलेल्या पेशी थोड्याच असतात, विसाव्यातल्या दहा लाखांत जेमतेम एखादी. उपचार चालू असलेल्या माणसांत त्या सापडल्या १९९७ साली. पुढे मोजलं तर त्यांचा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. म्हणजे तो आपोआप संपायला सत्तरहून जास्त वर्षं. शिवाय यातल्या काही पेशींची विभागणी होते, तेव्हा शिवलेली नक्कलही सोबत वाढते. गोळ्या थांबल्या की बहुतेकांचा विषाणू दोन-चार आठवड्यांत परत रक्तात येतो.

अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० साली एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या एका बाळाला तिसाव्या तासापासून औषध मिळालं होतं. पुढे ते बंद झालं, तरी दोन वर्षांहून जास्त काळ नेहमीच्या तपासणीत विषाणू दिसला नाही. २०१४ साली तो परत आला.

'परदेशात बरे झाले' हे खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय. टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कॅन्सर होता. त्यासाठी बर्लिनमध्ये २००७ साली त्यांच्यात दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी घातल्या, आणि त्या दात्याच्या पेशींवर विषाणूला शिरायचं दारच नव्हतं. हा जिवावरचा उपचार आहे. असे बरे झालेले जगभरात मोजकेच. काढ्याने त्या शिवणीला हात लागल्याचा पुरावा कुठेच नाही. धंद्याचं म्हणाल, तर सरकारी सेंटरवर या गोळ्या २००४ पासून फुकट मिळतात.

मेसेज ज्या आनंदाचा गैरफायदा घेतो तो आनंद मात्र खरा आहे. गोळ्या रोज घेऊन 'नॉट डिटेक्टेड' टिकवलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

त्या तिघांतला एक केळीच्या गाड्या भरतो. 'रिपोर्ट चांगला उना ना ताई, मंग गोया कसाले?' म्हणाला. तो रिपोर्ट त्याने लॅमिनेट करून आधार कार्डासोबत ठेवला होता. चार महिन्यांनंतरचा नवा कागद मी शेजारी ठेवला, आकडा लाखाच्या घरात होता. बराच वेळ तो दोन्ही कागदांकडे पाहत राहिला. त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तुम्हीही सोडल्या असतील तर तुमच्या सेंटरला या, नाहीतर १०९७ वर फोन करा, फुकट आहे. का सोडल्या म्हणून मी रागावणार नाही.