लाइव्ह म्हणे लाइव्ह!

परवा पुन्हा तेच. भाच्याला म्हटलं, चल, तो सिंहाचा कार्टून पिक्चर लावू. तर साहेब माझ्यावरच खेकसले, "मामा, कार्टून नाही ते, लाइव्ह-अ‍ॅक्शन आहे!"

अरे, लाइव्ह-अ‍ॅक्शन म्हणजे खरी माणसं, खरे प्राणी कॅमेऱ्यानं टिपलेले. यात लाइव्ह काय आहे? २०१९चा 'द लायन किंग'. दिग्दर्शक जॉन फॅवरोनं स्वतःच सांगितलंय, अख्ख्या पिक्चरमध्ये कॅमेऱ्यानं टिपलेला खरा शॉट एकच, सुरुवातीचा सूर्योदय. बाकी सिंह, गवत, धूळ, सगळं कॉम्प्युटरवर. तरी जो तो 'लाइव्ह-अ‍ॅक्शन रीमेक' म्हणून नाचतोय. गोल्डन ग्लोबनं त्याला अ‍ॅनिमेशनमध्ये नामांकन दिलं, ऑस्करला मात्र तो व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये. म्हणजे मोठ्यांचाही घोळच.

छापील चादर 'जॅकार्ड', म्हणजे विणलेल्या नक्षीची, म्हणून चाटी गल्लीच्या कापडबाजारात विकायला बसा बरं. आमच्या सोलापूरच्या बायका चादर उलटी करून बघतील आणि दोन मिनिटांत गाशा गुंडाळायला लावतील. पिक्चर कुणी उलटा करून बघत नाही, तेवढंच फावतं.

माझा राग कॉम्प्युटरवर नाही हो. सिंहाच्या आयाळीचा केस न् केस हलवणारे कलाकार थोरच. पण त्यांच्या कामाला 'अ‍ॅनिमेशन' म्हणायला एवढी लाज कसली? पोरांचं वाटतं म्हणून?

लाइव्ह बघायचंय ना, मग सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघा. पेट्रोलचा धूर थेट नाकात जातो.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही."