आधी सुकू द्या

लहान मुलं असलेल्या घरात सगळ्यात जास्त घाण करतं ते ओलं फडकं. मुलांचा नंबर दुसरा. हे कुणाला पटणार नाही याची मला खात्री आहे, कारण आपल्याकडे जमिनीवर काहीही सांडलं की घरातली तीन माणसं एकदम ओरडतात, "पाय देऊ नकोस! फडकं आण!" आणि फडकं येतं. थेट मोरीतून, ठिबकत. मग मूठभर कणकेची चार फरशांवर खळ होते, ती सांध्यांत जाऊन बसते आणि पुढचे आठ दिवस नेमक्या त्याच जागी पाहुण्यांचे मोजे चिकटतात.

माझं सगळं स्वच्छताशास्त्र एकाच प्रश्नावर उभं आहे: जे सांडलंय ते थांबू शकतं की नाही? काही गोष्टींसाठी हातातला चहा ठेवून धावायचं असतं. काहींसाठी चहा शांतपणे संपवायचा असतो. आपण नेमकं उलटं करतो. रव्यासाठी धावतो आणि गादीवरच्या शूवर टॉवेल टाकून "सकाळी बघू" म्हणतो.

थांबू शकणाऱ्यांत पहिला मान कणीक, रवा, बेसन आणि अंगाला लावायच्या पावडरचा. पहिली पायरी: पंखा बंद. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहावं लागतं. दुसरी पायरी: मूल उचलून कोरड्या जागी ठेवणं, कारण त्याचे तळपाय ओले असतात. ते का ओले असतात, हा वेगळा विषय आहे. मग फुलझाडूनं कडेकडून मध्याकडे हलक्या हातानं गोळा करायचं आणि सुपलीत भरायचं. ओलं फडकं येतं ते शेवटी, घट्ट पिळून, उरलेल्या धुरळ्यापुरतं. फुलझाडू नवा कोरा असेल तर मात्र आजचा दिवस वाईट आहे, कारण नवा झाडू कचरा काढण्याआधी स्वतःचा भुसा पाडतो. आणल्या दिवशीच बाहेर कट्ट्यावर आपटून, जुन्या कंगव्यानं विंचरून, पाण्यातून काढून उन्हात वाळवला तर हा त्रास बराच कमी होतो. झाडू विंचरत बसलेल्या माणसाकडे शेजारी कसे बघतात, तेवढं सोसायचं.

रांगोळीलाही पाणी दाखवायचं नाही. तिच्यातला रंग ओला झाला की फरशीच्या सांध्यांत उतरतो आणि दिवाळीची आठवण होळीपर्यंत राहते. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यानं ढीग करून उचलायची, उरलेली झाडायची. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. तो बारीक भुकटीनं गुदमरतो आणि मागच्या बाजूनं तीच भुकटी खोलीभर परत करतो.

मातीकाम, क्ले, शाडू आणि बुटांचा चिखल यांनाही हाच नियम. सतरंजीत क्ले रुतला असेल तर काही करू नका, अक्षरशः काही नाही. रात्रभरात तो कडक होतो, मग बोटांनी मोडायचा आणि कोरड्या ब्रशनं झाडायचा. ओला असताना घासला तर धाग्याधाग्यात शिरतो. याला अपवाद स्लाइमचा. ते डिंकाला बोरॅक्स घालून बांधलेलं असतं, वाळलं की धाग्यांना धरून बसतं. त्यावर पांढरा व्हिनेगर टाकायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. आम्लानं ती बांधणी सुटते, गोळा पातळ होतो आणि कोमट पाण्यानं निघतो. स्लाइम भेट देणाऱ्या नातेवाइकांना कसं काढायचं, यावर अजून उपाय सापडलेला नाही.

भाताच्या बाबतीत पोटभेद आहेत. मोकळा भात अर्धा तास पंख्याखाली राहिला की शितं आक्रसतात आणि झाडूनं सरळ निघतात. ताजा असताना झाडलात तर झाडूच धुवावा लागतो. पण मऊ भात आणि नाचणीचं सत्त्व यांना एक मिनिटही देऊ नका. उंच खुर्चीच्या फटीत वाळलेलं नाचणीचं सत्त्व प्लॅस्टिकपेक्षा टिकाऊ असतं. वाळलंच तर खरवडत बसू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर दहा मिनिटं नुसतं ठेवा, मग ते आपण होऊन सुटतं. ओल्या फडक्यानं काही न करता पडून राहावं आणि त्याचं कौतुक व्हावं, असा हा दुर्मीळ प्रसंग.

सुकू देण्याच्या शास्त्राची वार्षिक परीक्षा दिवाळीत होते. महाराष्ट्रात मुलं किल्ला करतात, म्हणजे तीन-चार घमेली माती, विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वर पेरलेले अळीव किंवा मोहरी हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चढतं. इतिहासाचा आणि संस्कारांचा मामला असल्यानं विरोध करता येत नाही. तयारी करता येते. खाली जुना फ्लेक्स अंथरायचा. आपल्या शहरांत त्यांची टंचाई नाही, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस कालच झालेला असतो. छापील बाजू खाली ठेवायची, नाहीतर पायथ्याच्या गावाशेजारून एक युवा नेता हात जोडून बघत राहतो. फ्लेक्सच्या कडा चारी बाजूंनी विटांवर चढवून चार बोटं उंच ठेवा, म्हणजे अळिवाला घातलेलं पाणी बाहेर येत नाही. गॅलरीतल्या पाणी जायच्या जाळीवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा. चिखलाची बादली मुलांच्या हाती देताना ती निम्मीच भरा, कारण रिकाम्या निम्म्यात त्यांचा वेग मावतो.

खरी चूक होते ती किल्ला मोडताना. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास कुणीतरी उत्साही माणूस पाइप लावून गॅलरी "एकदाची स्वच्छ" करतो. ती माती पाण्याबरोबर जाळीतून उतरते, पाइपाच्या वळणात बसते, आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंशी आपले संबंध नव्यानं सुरू होतात. किल्ल्याला चार दिवस पाणी बंद करा. तडे जाऊ द्या. मग खुरप्यानं ढेकळं काढून पोत्यात भरा, विटा कोरड्याच झाडा, फ्लेक्सच्या चारी कडा उचलून उरलेली भुकटी कुंड्यांत ओता. पाणी शेवटी, एक तांब्या. महाराज आणि मावळे बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. तोफा कुठल्याही घरात पुढच्या वर्षी सापडत नाहीत, त्यांचा शोध घेऊ नका.

आता ज्यांना धावायचं असतं ते. गादीवरच्या शूला पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. कोरडा जाड टॉवेल ठेवून त्यावर चक्क उभं राहायचं. घासायचं नाही, दाबायचं. टॉवेल बदलत राहायचा, तो कोरडा निघेपर्यंत. मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, फवारून, गादी भिजणार नाही इतपत. दहा मिनिटांनी पुन्हा दाबून टिपायचं. त्यावर अर्धी वाटी खायचा सोडा भुरभुरून सात-आठ तास ठेवायचा आणि झाडायचा. सुगंधी जंतुनाशक ओतलं तर जुना वास जात नाही, त्याला जोडीदार मिळतो. कापसाच्या गादीला दोन्ही बाजूंनी कडक ऊन हवं, कारण पाणी आत मुरतं. फोमला कडक ऊन मानवत नाही, तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. त्याला उभा करून पंख्याचा वारा द्या.

याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे गादीवर रबरी शीट, त्यावर चादर, त्यावर दुसरी शीट आणि त्यावर दुसरी चादर. रात्री अडीचला वरची जोडी ओढून काढायची, बाथरूममध्ये फेकायची आणि खालच्या तयार अंथरुणावर झोपायचं. अपत्यसंगोपनात मला मनापासून आवडलेली ही एकमेव अभियांत्रिकी आहे.

दूध सांडलेल्या कपड्याला गार पाणी. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरतात आणि वास कायमचा राहायला येतो. वरणाची हळद साबण लागला की लालभडक होते आणि माणसं घाबरून कपडा टाकून देतात. घाबरू नका, साबण अल्कधर्मी असतो म्हणून तसं होतं, चुना लागूनही हळद लालच होते. साबण धुऊन काढला की रंग पुन्हा पिवळा होतो. मग कपडा ओलाच थेट उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एकदोन उन्हांत तो विरतो. केळीचा चीक आणि कच्च्या चिकूचा डाग मात्र जात नाही. तो कपडा यापुढे आमरसाचा गणवेश म्हणून नेमून टाका.

बॉलपेनच्या शाईवर अल्कोहोलवाला सॅनिटायझर चालतो. डागाखाली जुना रुमाल ठेवून, बाहेरून आत टिपत यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. जेल पेनची शाई बरेचदा या उपायाला दाद देत नाही. पांढऱ्या बोर्डावर पक्क्या मार्करनं चित्र काढलं असेल तर त्यावरूनच साध्या बोर्ड मार्करनं गिरवा आणि लगेच पुसा, दोन्ही निघतात. गिरवण्याचं काम मुलाला सांगू नका. त्याला ते बक्षीस वाटतं.

भिंतीबद्दल एकच सांगायचंय: भिंत कुठल्या रंगाची आहे ते आधी बघा, मग मुलावर ओरडा. प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट असेल तर मेणाच्या खडूवर ओलसर स्पंजावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन हलकं घासलं तरी पुरतं. डिस्टेंपर असेल तर खडूआधी भिंतच निघून येते आणि हत्तीच्या जागी हत्तीच्या आकाराचा पांढरा डाग राहतो. तो हत्तीपेक्षा वाईट दिसतो. जुन्या शाळांच्या आणि चाळींच्या जिन्यांच्या भिंतींना खाली चार फूट गडद ऑइलपेंट आणि वर चुना असायचा. ज्यांनी ते ठरवलं त्यांना मुलांच्या हाताची उंची माहीत होती. आता आपण दिवाणखान्यात फिकट मोतिया डिस्टेंपर देतो आणि मुलाला चोवीस रंगांची पेटी आणतो.

खेळण्यांचं वर्गीकरण करू नका. गाड्यांचा डबा, प्राण्यांचा डबा, भातुकलीचा डबा, प्रत्येकावर चिठ्ठी, ही मोठ्यांची हौस आहे. चौथ्या दिवशी भातुकलीच्या कुकरमध्ये डायनासोर निघतो. दोन टोपल्या पुरतात: ठोकळे आणि इतर. झाकण नको, कारण झाकण हे तिसरं खेळणं होतं. टोपली मुलाला ओढता येईल इतकीच मोठी असावी. ठोकळे ओतण्याआधी खाली एकेरी चादर अंथरा. खेळ संपला की चार टोकं धरून बोचकं करायचं आणि टोपलीत रिकामं करायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. निम्मी खेळणी पोत्यात घालून माळ्यावर टाका आणि महिन्यानं अदलाबदल करा. मुलाला नवी खेळणी मिळाल्याचा आनंद होतो, तुम्हाला ती विकत न घेतल्याचा. "आवर सगळं" या हुकमाचा तीन वर्षांच्या माणसाला काहीही अर्थ लागत नाही. "लाल ठोकळे टोपलीत टाक" याचा लागतो.

केर काढताना सुपलीतला ऐवज फेकण्याआधी एकदा बघा. खेळण्यातून सुटलेला बटन सेल त्यात असू शकतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, तेव्हा तिथे कसलाही घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. फिनेल आणि ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. या दोन वाक्यांवर विनोद नाही.

उरले पाहुणे. "खालीच आहोत, गाडी लावतोय" असा फोन येतो तेव्हा हाताशी साधारण सात मिनिटं असतात. झाडू घेऊ नका, धूळ उडेल आणि खाली बसायच्या आत बेल वाजेल. दिवाणखान्यातलं सगळं त्या चादरीत भरा, बोचकं आतल्या खोलीत टाका, दार ओढून घ्या. खुर्चीवरचे कपडे दुसऱ्या फेरीत. मग बेसिन आणि आरसा, दोन मिनिटं, कारण पाहुणा एकटा असतो आणि नीट बघतो ते तिथेच. आरशावर मुलाच्या उंचीपर्यंत टूथपेस्ट असतेच. सोफ्याच्या उशा उलट्या करा, मात्र त्या गेल्या वेळीही उलट्या केल्या होत्या का ते आठवून. आतल्या खोलीच्या दारासमोर घरातलं सगळ्यात गप्पिष्ट माणूस बसवा.

आणि पाहुण्यांबरोबर त्यांचंही पोर येणार असेल तर यातलं काहीही करू नका. चादर अंथरा, दोन्ही टोपल्या ओता, गॅलरीचं दार लावा आणि चहाचं आधण ठेवा.