ताई, तुमची तक्रार रास्त आहे: काळ्या पानाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की नव्या अपडेटनंतर आमचं वाचनाचं अ‍ॅप आपोआप काळं झालं, पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, दिवाळी अंकाची दोन पानं वाचली की डोकं चढतं, आणि वर आम्ही 'डोळ्यांना आराम' असं सांगतो. तुमच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे हेही लिहिलंत, आणि वर्गणी परत मागितलीत.

चूक आमची आहे. मलाही थोडा सिलिंडर आहे. काल रात्री दिवा बंद करून तोच अंक उघडला आणि 'पाच वर्षांत' या शब्दांपाशी अडलो. रफार आणि अनुस्वार तिथे एकाच कान्याच्या डोक्यावर चिकटून बसतात. काळ्यावर पांढरे झाले की दोघांच्या कडा पसरतात, एकच ठिपका उरतो आणि 'वर्षांत'चं 'वर्षात' होतं. अर्थच बदलला! 'ट्ट', 'ष्ठ' यांची पोटंही बुजलेली दिसली. इंग्रजी अक्षरांवर तपासलेले रंग आम्ही मराठीला तसेच लावले, आणि अपडेट देण्याआधी एकही मराठी पान सावकाश वाचून पाहिलं नाही.

सिलिंडर असताना डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई सगळीकडे सारखी नसते, म्हणून प्रकाश एका बिंदूत नीट जमत नाही. त्यात काळ्या पानावर बाहुली मोठी होते आणि हा दोष आणखी जाणवतो. पांढऱ्या पानासमोर ती आकसते, अक्षर रेखीव दिसतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी 2013 मध्ये हे तपासलं होतं: तरुण आणि वयस्कर, दोन्ही गटांना पांढऱ्यावरची काळी अक्षरंच जास्त नीट वाचता आली. तेव्हा 'डोळ्यांना आराम' हे सरसकट लिहिणं चुकीचं होतं. ते वाक्य आज काढून टाकलंय.

तुमची एक मागणी मात्र मला मान्य करता येत नाही. काळं पान कायमचं काढा, असं तुम्ही म्हणता. माझ्या आईला मोतीबिंदू पिकत आला तेव्हा पांढरं पान उघडलं की ती डोळ्यांवर हात धरायची. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ झालेलं असतं, पानाचा सगळा उजेड त्यात विखुरतो आणि अक्षरांवर धुकं येतं. काळ्या पानावर मोठी पांढरी अक्षरं करून दिली आणि ऑपरेशनपर्यंत तिचं वाचन सुटलं नाही. आईला बरं वाटलं म्हणून सगळ्यांनाच बरं वाटेल असं मी धरून चाललो, तिथे चुकलो. पण तिच्यासारखे वाचक आपल्याकडे आहेत, त्यांच्या हातून हे पान मी काढून घेणार नाही.

आज संध्याकाळच्या अपडेटमध्ये अ‍ॅप पुन्हा पांढऱ्या पानावर उघडेल. फोन डार्कवर असला तरी आम्ही पान बदलणार नाही. तुम्ही निवडाल तेव्हाच बदलेल. वाचताना वर उजवीकडे 'अ' दाबलंत की पांढरं, जुन्या पुस्तकासारखं पिवळसर आणि गडद अशी तीन पानं दिसतील. पिवळसर एकदा पाहाच. गडद पान आता ठार काळं नाही, कोळशासारखं राखाडी आहे आणि अक्षरंही मंद पांढरी केली आहेत. शुभ्र पांढऱ्या आणि ठार काळ्यात 21 पट तफावत असते, ती 14 च्या आसपास आणली. वाचायला सोपं जावं म्हणून 4.5 ही किमान मर्यादा मानतात, म्हणजे अक्षर फिकट पडणार नाही. गडद पानावर अक्षराची जाडी किंचित कमी केली आणि अनुस्वार रफारापासून थोडा सुटा केला. या शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला.

रात्री वाचताना खोलीत एक दिवा राहू द्या आणि स्क्रीनचा उजेड त्याच्या बेताचा ठेवा. फोनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. त्यावर कुठल्याच रंगाचा इलाज नाही. डोकं तरीही दुखत राहिलं तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

वर्गणीचे पूर्ण पैसे आज परत पाठवतोय. खातं वर्ष संपेपर्यंत चालूच राहील. तोच अंक गडद पानावर एकदा उघडून 'वर्षांत'वरचा अनुस्वार वेगळा दिसतो का, तेवढं कळवाल?